सरस्वतीचं वाहन माझ्या मागे लागलंय, उपाय सुचवा

मंद्रसप्तक | सोमवार, सकाळी ८:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न गंभीर आहे. हसायचं असेल त्यांनी आधी हसून घ्या आणि मग वाचा.

सदाशिव पेठेतला आमचा वाडा बिल्डरकडे गेला आणि सहा महिन्यांपूर्वी आम्ही किरकटवाडी फाट्याच्या आत राहायला आलो. तिकडे फार शांतता असते असं ह्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी गाणं शिकवते. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला आठ-दहा मुली येतात. क्लासच्या भिंतीवर माझ्या गुरुजींनी दिलेली सरस्वतीची तसबीर आहे आणि देवीच्या पायाशी मान वळवून बसलेला पांढराशुभ्र हंस. बत्तीस वर्षं दर गुरुपौर्णिमेला मी त्या तसबिरीला हार घालतेय. म्हणजे हंसालाही घालतेय, एवढं लक्षात ठेवा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोकळा प्लॉट आहे. मालकांनी तिथे सात हंस पाळलेत, साप येऊ नयेत म्हणून. साप येत नाहीत हे खरं. गॅसवालाही येत नाही, सिलिंडर कोपऱ्यावर ठेवतो आणि फोन करतो. परवा कुरिअरवाला पोरगा स्कूटरच्या सीटवर उभा राहून "मॅडम, ओटीपी सांगा" असा ओरडत होता, आणि मी गॅलरीतून सगळ्या गल्लीला ओटीपी ऐकवत होते.

सातांत एक म्होरक्या आहे. मुलींनी त्याचं नाव फौजदार ठेवलंय. पांढरा, नारिंगी चोच, आणि चोचीच्या मुळाशी कपाळावर एक नारिंगी टेंगूळ, कुणीतरी आधीच मारल्यासारखं. गेल्या गुरुवारी सकाळी सव्वासहाला मी दुधाच्या दोन पिशव्या घेऊन येत होते. त्यानं मान खाली घातली. खाली म्हणजे नम्रपणे नव्हे. जमिनीशी समांतर, काठी आडवी धरावी तशी लांब केली, आणि कुकरची शिट्टी धड न होता नुसती वाफ जाते तसा आवाज काढत सरळ माझ्याकडे आला. मी पळाले. चुकलं असेल. त्यानं गुडघ्यामागे पोटरी पकडली. नुसता चावत नाही हो, चिमटा काढून पिळतो. शाळेत आमचे गणिताचे सर काढायचे, अगदी तसा. अजून बंद्या रुपयाएवढं काळंनिळं आहे.

एक पिशवी फुटली. दूध रस्त्यावरून वाहत होतं. नीरक्षीरविवेक वगैरे आपण लहानपणापासून ऐकत आलोय ना? त्यानं दुधाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला पोटरीच हवी होती. मग डुलत डुलत आपल्या मंडळींकडे परत गेला आणि सगळ्यांनी मिळून माना लांब करून, एकमेकांच्या तोंडात तोंड घालून असा काही गलका केला की सवाई गंधर्वला पहिली समेवरची दाद मिळाली असावी.

कान शाबूत असल्यामुळे एक लक्षात आलंय. फौजदार तारसप्तकात ओरडतो, किरटा. कोपऱ्यात एक जाडसर हंस बसून असतो, तो अधूनमधून खर्जात उत्तर देतो. ह्यांचं म्हणणं असं की चढ्या आवाजात बोलतेय ती बायको आणि बसल्या जागेवरून "हं" म्हणतोय तो नवरा, म्हणजे फौजदार नसून फौजदारीण आहे.

मालकांना सांगून पाहिलं. "ताई, तुम्ही घाबरता म्हणून तो येतो" असं म्हणाले. हे वाक्य मी कुत्र्यांच्या मालकांकडून जन्मभर ऐकतेय.

तर मुळात हा हंस आहे की आमच्या समोरच्या आजी म्हणतात तसं "मोठं बदक"? आणि उद्या मंगळवार आहे, मुलींना आत कसं आणू?

---

खमंग_भाजणी | सोमवार, सकाळी ८:३२

दुपारी एक ते चारच्या मध्ये जाऊन बघा. पुण्यातला असेल तर झोपला असेल.

---

मंद्रसप्तक | सोमवार, सकाळी ८:४०

हा विनोद आमच्या बिल्डिंगमध्ये तिघांनी करून झाला. झोपत नाही तो. एक पाय पोटाशी घेऊन आणि एक डोळा उघडा ठेवून उभा असतो.

---

भिगवण_रिटर्न्स | सोमवार, सकाळी १०:०५

ताई, तुमच्या मिस्टरांचा अंदाज नेमका उलटा आहे. पाळीव हंसांत नराचा आवाज चढा आणि मादीचा जाड, घोगरा. खर्जात आहे ती बाई. फौजदार पुरुषच आहे.

कपाळावर टेंगूळ म्हणताय म्हणजे चिनी जातीचे दिसतात. युरोपातले बहुतेक पाळीव हंस कलहंसापासून झाले, हे चिनी मात्र पूर्व आशियातल्या दुसऱ्याच रानटी हंसापासून. पाळीव हंसांत सगळ्यांत तोंडाळ म्हणून ह्यांचीच ख्याती. पोटरीबद्दल वाईट वाटलं. त्यांना दात नसतात, पण चोचीच्या कडेला करवतीसारख्या खाचा असतात आणि जिभेच्या कडेलाही काटे. गवत धरून उपटायला केलेलं हत्यार आहे ते. पकडून पिळायचं, की काडी तुटते. तुमच्या बाबतीत तेच केलं, फक्त तुम्ही तुटला नाहीत.

आता ती खर्जातली बाई कोपऱ्यात "बसून असते" म्हणालात तिकडे माझं लक्ष गेलं. उठते का कधी? थंडी सरता सरता ह्या अंडी घालतात. अंड्यांवर मादीच बसते, २८ ते ३० दिवस. नर अजिबात बसत नाही, पहारा करतो. तुमच्या वर्णनावरून पहारा चोख चालू आहे.

आम्ही काही जण दर हिवाळ्यात सोलापूर रस्त्यानं भिगवणला जातो, उजनीच्या पाण्यावर पट्टकदंब बघायला. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून येतात. दुर्बीण, पहाटेचा गारठा, पाण्याच्या कडेला चिखलात चपला रुतलेल्या. शेकडो हंस बघितलेत, एकानंही आमच्याकडे मान आडवी केली नाही. होडी जरा जवळ गेली की सगळे उडून पलीकडे. फौजदाराचं वजन चार-पाच किलो असेल आणि त्याचं उडणं पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाळण्यात जवळपास संपलंय. पाठीमागे अंडी, वर जायची सोय नाही, आणि समोरून रोज सव्वासहाला एक मोठा प्राणी दोन पांढऱ्या पिशव्या हलवत येतो. त्याच्या बाजूनं विचार केला तर तो बराच संयमानं वागतोय.

---

मंद्रसप्तक | सोमवार, दुपारी १२:५०

"मोठा प्राणी" बद्दल नंतर बोलू.

गच्चीवरून ह्यांच्या दुर्बिणीतून पाऊण तास पाहिलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. कडुलिंबाखाली ट्रकचं जुनं टायर पडलंय, त्यात बाई बसल्या आहेत. भोवती पिसं आणि गवत. पाऊण तासात फक्त एकदा मान वळवली. ह्यांना सांगितलं की तुमचा अंदाज चुकला, चढा आवाज नवऱ्याचा आणि खर्ज बायकोचा.

"हं" म्हणाले.

---

ऱ्हस्वदीर्घ | सोमवार, दुपारी २:१५

धाग्याचं नाव वाचून मला वाटलं आरटीओचा प्रश्न आहे.

असो. "हंस की मोठं बदक" ह्याचा निकाल लावून टाकतो. आपला "हंस", जर्मनांचा "गान्स", लॅटिनमधला "आन्सेर" आणि इंग्रजांचा "गूज" हे सगळे एकाच मुळातून फुटलेले शब्द. म्हणजे नावावर हक्क तुमच्या फौजदाराचाच. कॅलेंडरवर जो लांब नाजूक मानेचा "स्वान" सरस्वतीजवळ बसवतात, तो आपल्या देशात क्वचितच कधी वाट चुकून येतो. अजिंठ्याला दोन नंबरच्या लेण्यात छताकडे बघा, हंसांची रांग रंगवली आहे. चांगले गुबगुबीत, जाड मानेचे, जरा रागीटच. त्या चित्रकारानं समोर बघून काढलेत. आपल्या कॅलेंडरवाल्यांनी काय बघून काढलं देव जाणे. तेव्हा बत्तीस वर्षं हार कुणाला घातलात ह्याचा पुन्हा विचार व्हावा.

राहता राहिला स्वभाव. त्याची नोंद जुनी आहे. इसवी सनपूर्व ३९० च्या सुमारास गॉल लोक रात्री रोमच्या कॅपिटोल टेकडीवर चढत होते. कुत्रे गप्प राहिले. जूनो देवीच्या देवळातल्या हंसांनी बोंब ठोकली आणि टेकडी वाचली, अशी रोमन लोकांची कथा. पुढे ते दरवर्षी एका हंसाला पालखीत बसवून मिरवायचे. (कुत्र्यांचं काय करायचे ते जेवणाच्या वेळेला लिहीत नाही.) अगदी अलीकडचं म्हणजे स्कॉटलंडमध्ये डंबार्टनला बॅलेंटाइनच्या व्हिस्कीच्या गोदामांवर १९५९ पासून २०१२ पर्यंत हंसांचा पहारा होता. जात हीच, चिनी. मग कॅमेरे आले आणि हंस सेवानिवृत्त झाले. त्रेपन्न वर्षं, पगार गवत, आणि माल कुणी प्यायल्याची तक्रार नाही.

---

लोहगावचा_वारा | सोमवार, दुपारी ३:२०

१५ जानेवारी २००९, न्यूयॉर्क. हंसांचा थवा इंजिनांत गेला, दोन्ही इंजिनं बसली, विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. १५५ माणसं होती, सगळी वाचली. तुमची एक दुधाची पिशवी गेली, ताई. थोडक्यात निभावलं म्हणा.

---

पुरंदरचा_पाव्हणा | सोमवार, संध्याकाळी ७:४५

ताई, ह्ये रोमबिम ऱ्हाऊ द्या. उद्या पोरी यायच्यात ना, त्याचं बघू.

माझं आजोळ सासवडकडं. अंजिराच्या बागंत हंस व्हते, गवतबी खायचे आन राखनबी करायचे. लहानपनी लय चावून घेतलंय. तर पयली गोष्ट, पळायचं न्हाई. पाठ दावली की त्यो जिंकला, आन एकदा जिंकला की त्याला त्याची चटक लागती. थांबायचं, त्याच्याकडं तोंड करायचं, आन तिरकं तिरकं सावकाश निघून जायचं.

दुसरं, मान बघायची. मान वर ताठ करून नुसता वरडतोय तवर भाषन चाललंय समजा. मान आडवी झाली, फूस्स केलं, की मग त्यो खरा येतो. तवा रुंद व्हायचं. हात पसरा, छत्री उघडा. माझी आजी सूप घ्यायची, धान्य पाखडायचं. छातीशी धरून बागंतनं अशी चालायची की जनू देवीचा छबिना निघालाय. एकबी हंस आडवा आला न्हाई तिला.

लाथ घालू नका, काठी मारू नका. एकदा मारलं की मग रोजचं भांडन. आन बारक्या पोरींना एकट्या सोडू नका, चोच तोंडाला लागली तर वंगाळ. सगळ्यांना कोपऱ्यावर जमवा, मोठ्या मानसानं घरट्याच्या बाजूला ऱ्हायचं, पोरी पलीकडनं. मालकाला म्हनावं म्हैनाभर टायराभवती जाळी लाव. पिल्लं निघाली की थोडे दिस आजून तापंल, मग निवंल.

---

मंद्रसप्तक | बुधवार, सकाळी ९:००

पाव्हणे, तुमच्या आजींना माझा नमस्कार.

मंगळवारचा अहवाल. मुली पलीकडून, मी घरट्याच्या बाजूला, असं ठरल्याप्रमाणे निघालो. छत्री ह्यांची, बटण दाबलं की उघडणारी. फौजदारानं मान आडवी केली, मी बटण दाबलं. तो दचकला हे खरं. पण मीही दचकले, कारण ती छत्री इतक्या जोरात उघडते हे मला माहीत नव्हतं, आणि आम्ही दोघं एकाच वेळी दोन-दोन पावलं मागे सरलो. त्या अवधीत मुली पोचल्या. नऊच्या नऊ, एकही चावली गेली नाही. त्यातली सगळ्यांत धाकटी, आठ वर्षांची, मला म्हणाली, "तुम्ही दोघं सारखंच करत होतात." यमनची तालीम घ्यायला बसले तर अर्धा तास कुणालाही निषाद लागेना, सगळ्या हसत होत्या.

सूप आमच्याकडे नाही. पेठेतून निघताना भंगारात गेलं. म्हणून आज सकाळी दुधाला जाताना स्टीलचं ताट छातीशी धरलं. रुंद ते रुंदच, असं वाटलं. पण ताट घासलेलं होतं. त्याला त्यात त्याच्याच तोडीचा कुणीतरी दिसला असावा. पुढचं लिहीत नाही. ताट अजून तिथेच पडलंय.

मालक जाळी लावतो म्हणालेत. "बघू रविवारी." कुठला रविवार ते नाही सांगितलं.

---

खमंग_भाजणी | बुधवार, सकाळी ९:१२

ताटाचा पंचनामा फौजदारच करणार का?

---

मंद्रसप्तक | शनिवार, सकाळी ६:२०

रात्रभर लिहावंसं वाटत होतं, आता लिहिते.

गुरुजींचा मोठा तंबोरा जवारीला दिला होता. पाच फुटी आहे. काल क्लासच्या आधी तो घेऊन रिक्षानं आले. फाट्यावरचे सगळे रिक्षावाले आता फौजदाराला ओळखतात. "आत येणार नाही" म्हणून त्यानं मला कोपऱ्यावरच उतरवलं. छत्री नाही, ताट नाही. पांढऱ्या खादीची गवसणी घातलेला तंबोरा दोन्ही हातांनी उभा छातीशी धरलेला. आणि समोरून मान आडवी करून फौजदार.

मी थांबले. शौर्य नव्हे, पळायला हातच मोकळे नव्हते. भोपळा आपटला असता तर गुरुजींना वर काय सांगणार?

चार पावलांवर तो थांबला. फुसफुस बंद. आडवी मान हळूहळू वर आली, ताठ झाली, आणि आणखी वर बघायला लागली. मग डोकं तिरकं करून एका डोळ्यानं बघितलं. मग दुसऱ्या बाजूला तिरकं करून दुसऱ्या डोळ्यानं. तेव्हा कुठे मला उमगलं तो काय बघतोय. खाली गोल गरगरीत पोट. वर लांबच लांब मान. नखशिखांत पांढरं. आणि उंची पाच फूट.

बत्तीस वर्षं तंबोरा मांडीवर घेतेय, मला हे कधी दिसलं नव्हतं.

घाबरून माझा अंगठा गवसणीवरून खर्जाच्या तारेला लागला. आत दबका "घूं" झाला. भिगवणवाले, खर्जातली ती बाई असं तुम्हीच म्हणाला होतात ना? त्यानं काय समजायचं ते समजला. एकदम मवाळ झाला. मान दोनदा खाली-वर केली आणि माझ्या, म्हणजे तंबोऱ्याच्या, बाजूनं दोन हातांचं अंतर ठेवून फाटकापर्यंत चालत आला. मध्ये एकदा ताटावर पाय पडला, तिकडे लक्षसुद्धा दिलं नाही. कुरिअरवाला पोरगा कोपऱ्यावरून मोबाईलवर शूटिंग करत होता.

फाटकाशी पोचतोय तोच टायरमधल्या बाईंनी बसल्या जागेवरून एकच सूर लावला. काळी दोनचा खर्ज, खणखणीत. फौजदार जागच्या जागी वळला आणि मान खाली घालून परत गेला. ह्या वेळी नम्रपणे.

---

ऱ्हस्वदीर्घ | शनिवार, सकाळी ६:२८

तंबोरा मिरजेचा का?

---

मंद्रसप्तक | शनिवार, सकाळी ६:३१

मिरजेचाच.

---

ऱ्हस्वदीर्घ | शनिवार, सकाळी ६:३२

वाटलंच. काम चोख असतं त्यांचं.

---

भिगवण_रिटर्न्स | शनिवार, सकाळी ६:३५

अठरा वर्षांच्या पक्षिनिरीक्षणात हे ऐकलं नव्हतं. पिल्लं निघाली की कळवा, मी येतो. तंबोरा फाटकापाशी आणून ठेवाल ना?

---

खमंग_भाजणी | शनिवार, सकाळी ६:३६

आणि दुधाचं काय? रोज तंबोरा घेऊन जाणार?

---

मंद्रसप्तक | शनिवार, सकाळी ६:४०

छे. दूध आजपासून ह्यांनी आणायचं ठरलंय. तंबोरा मिळणार नाही हे आधीच सांगितलंय.

खिडकीतून दिसतायत. कोपऱ्यावर स्कूटरच्या सीटवर उभे आहेत.